वीज कोठे अडली?

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, माण नदीच्या काठी, म्हसवड हे गाव वसलेले आहे. श्रीसिद्धनाथाचे जुने मंदिर आणि मार्गशीर्ष महिन्यात निघणारा देवाचा रथ यांमुळे या गावाचे नाव दूरवर पोहोचले आहे. माण तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. नदीचे पात्र वर्षातील कित्येक महिने कोरडे असते. म्हणून पाणी कोठून येते, कोठे साठते आणि वाटेत कोठे मुरते, हा हिशेब येथील माणसांना लहानपणापासूनच ठाऊक असतो. विजेवर चालणारे एखादे यंत्र बिघडले, म्हणजे कारागिरालाही हाच हिशेब करावा लागतो; फक्त पाण्याच्या जागी वीज असते.

म्हसवडमध्ये 1997 साली माण देशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. दुकान चालवणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, शेळ्या पाळणाऱ्या स्त्रिया येथे खातेदार झाल्या. आपल्या पैशांचा हिशेब आपण ठेवावा, ही गोष्ट या परिसरात नवलाची राहिलेली नाही. पूर्वी असा हिशेब लाल कापडाच्या वहीत असे. आता तो पुष्कळ ठिकाणी संगणकात असतो.

समजा, म्हसवडच्या एका बाईंचे लहानसे किराणा दुकान आहे. गावातील साठ-सत्तर घरांची उधारी त्यांच्या दुकानात असते आणि ती सगळी एका लहान लॅपटॉपमध्ये नोंदलेली असते. हा लॅपटॉप पाच-सहा वर्षांचा जुना आहे. सातवीत शिकणारी त्यांची मुलगी संध्याकाळी त्यावर नोंदी करण्यास मदत करते. गेल्या काही दिवसांपासून हा लॅपटॉप अवचित बंद पडू लागला. कधी दिवसभर सुरळीत चाले, तर कधी एका तासात तीनदा अंधार. चार्जरची वायर थोडी तिरकी धरली, की तो पुन्हा सुरू होई. एका दुरुस्तीवाल्याने तो दोन मिनिटे पाहिला आणि “मुख्य पट्टी जळाली आहे, बदलावी लागेल,” असे सांगून मोठी रक्कम मागितली. तेवढ्या पैशांत आणखी थोडी भर घातली, तर जुना लॅपटॉप विकत मिळाला असता. परंतु पैशांपेक्षाही मोठी चिंता उधारीची होती. कोणाकडे किती येणे आहे, हे त्या डबीत बंद होते.

कधी चालणारे आणि कधी न चालणारे यंत्र हे कारागिराची खरी परीक्षा घेते. जे यंत्र पूर्ण बंद पडले आहे, त्याचा दोष जागचा हलत नाही; तो शोधणाऱ्याची वाट पाहत बसलेला असतो. परंतु लपंडाव खेळणारा दोष दुकानात नेल्यावर हटकून नाहीसा होतो. तेथे लॅपटॉप शहाण्या मुलासारखा तासभर चालतो आणि घरी आणताच बंद पडतो. अशा वेळी घाई करणारा कारागीर सर्वांत महाग भाग बदलून टाकतो. त्यात त्याचा तोटा काहीच नसतो.

सुदैवाने त्या बाईंनी दुसऱ्या एका जाणत्या कारागिराला लॅपटॉप दाखवला. त्याने तो उघडलाच नाही. मुलीकडे वळून तो म्हणाला, “बाळ, तू एक काम कर. आठ दिवस एक वही ठेव. लॅपटॉप बंद पडला, की वेळ लिही. चार्जर लावलेला होता का, तेव्हा कोण काय करत होते, घरात दिवे होते की गेले होते, एवढेच लिही. मग मी पाहतो.”

“पण काका, तुम्ही तो उघडून का बघत नाही?” मुलीने विचारले.

“उघडून पाहायचे ते कोठे पाहायचे, हे आधी कळायला नको का?” कारागीर म्हणाला.

आठ दिवसांनी वहीत अकरा नोंदी झाल्या. त्यांपैकी नऊ वेळा चार्जर लावलेला असताना कोणीतरी लॅपटॉप हलवला होता किंवा वायरला धक्का लागला होता. उरलेल्या दोन वेळा घरातील वीज गेली होती. टेबलावर स्वस्थ ठेवलेला असताना, घरात वीज असताना, तो एकदाही बंद पडला नव्हता. दुपारच्या उन्हात, पत्र्याच्या छपराखाली, तापलेल्या अवस्थेतही तो चालत राहिला होता. मुख्य पट्टी जळाली असती, तर धक्क्याची वाट न पाहता ती केव्हाही दगा देती. म्हणजे एका रुपयाचाही खर्च न होता मुख्य संशयित निर्दोष ठरण्याच्या मार्गाला लागला होता.

आता वीज लॅपटॉपमध्ये कोणत्या वाटेने जाते, ते पाहिले पाहिजे.

भिंतीतील खटक्यापासून येणारी वीज 230 व्होल्ट दाबाची असते आणि ती प्रत्यावर्ती असते. म्हणजे तिची दिशा सारखी उलटसुलट होत राहते. एका सेकंदात अशी पन्नास आवर्तने होतात. लॅपटॉपमधील नाजूक भागांना हा दाब सोसत नाही आणि उलटसुलट प्रवाहही चालत नाही. म्हणून वाटेत चार्जरची काळी पेटी असते. ती 230 व्होल्टचे सुमारे 19 व्होल्ट करते आणि प्रवाह एकाच दिशेने वाहता करते. अशा प्रवाहाला दिष्ट प्रवाह म्हणतात. पेटीतून निघालेली वायर एका गोल पिनमध्ये संपते. ही पिन लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत बसते. खाचेच्या आतल्या बाजूला धातूचे पाय असतात आणि ते मुख्य पट्टीवर कथलाच्या डाखाने जोडलेले असतात. तेथून वीज पट्टीवर उतरते.

पट्टीवर एक नियंत्रक असतो. माणदेशातील मुलांना त्याची ओळख चटकन पटेल, कारण तो कालव्यावरील पाटकऱ्यासारखा आहे. म्हसवडजवळ इंग्रजी अमदानीत बांधलेला राजेवाडीचा मोठा तलाव आहे. पाणी केव्हा साठवायचे आणि केव्हा सोडायचे, हे ठरल्याशिवाय तलावाचा उपयोग नाही. लॅपटॉपमधील बॅटरी हा तलाव होय. चार्जरकडून वीज येत असली, म्हणजे नियंत्रक तिचा एक भाग यंत्राला देतो आणि उरलेला बॅटरीत साठवतो. चार्जर काढला किंवा घरातील वीज गेली, की तो क्षणाचाही विलंब न लावता बॅटरीचे दार उघडतो. पुढे या विजेचे आणखी लहान वाटे होतात. पट्टीच्या काही भागांना 5 व्होल्ट लागतात, काहींना 3.3 व्होल्ट, आणि यंत्राचा मेंदू जो प्रोसेसर, त्याला तर सुमारे 1 व्होल्ट पुरतो.

एवढी वाट ध्यानात आली, की वहीतील नोंदी बोलू लागतात. धक्का लागताच यंत्र बंद पडते, याचा अर्थ चार्जरपासून पट्टीपर्यंत कोठेतरी जोड ढिला आहे. पण जोड सुटला, तरी बॅटरीने यंत्र चालते ठेवायला हवे होते. ते झाले नाही. घरातील वीज गेली, तेव्हाही झाले नाही. म्हणजे तलावातही काहीतरी उणे आहे. दोष एक नव्हता. दोन होते, आणि एकाच्या आड दुसरा दडलेला होता.

पुष्कळांना वाटते, की खेड्यातील कमी-जास्त होणारा विजेचा दाब हेच अशा आजाराचे मूळ असावे. संध्याकाळी शेतातील पंप सुरू झाले, की दिवे मंदावतात, हे खरे आहे. परंतु चार्जरच्या पेटीवरील बारीक अक्षरे वाचली, तर तेथे 100 ते 240 व्होल्ट असे लिहिलेले आढळते. एवढ्या कमी दाबावरही तो आपले काम बिनबोभाट करतो. दिवा मंद झाला म्हणून चार्जर रुसत नाही. त्याला खरे भय असते ते वळवाच्या पावसात कडाडणाऱ्या विजेचे. तारांवर किंवा जवळपास वीज पडली, तर क्षणभर दाब हजारो व्होल्टपर्यंत उसळतो आणि त्या एका क्षणात चार्जर किंवा पट्टी निकामी होऊ शकते. ढग गडगडू लागले, की पिन खटक्यातून काढून ठेवावी. नुसता खटका बंद करणे पुरेसे नाही.

कारागिराने पहिल्यांदा चार्जर हातात घेतला. पिनच्या टोकाला मल्टिमीटर लावला, तेव्हा काटा 19 व्होल्टवर स्थिर उभा राहिला. नवशिका माणूस येथे चार्जरला निर्दोष ठरवून पुढे गेला असता. पण ही चाचणी फसवी असते. मल्टिमीटर मोजण्यापुरता अगदी क्षीण प्रवाह घेतो. वायरमधील तांब्याच्या तीस तारांपैकी एकोणतीस तुटल्या आणि एकच शिल्लक राहिली, तरी तो पूर्ण 19 व्होल्टच दाखवील. नळाची चावी बंद असताना गंजलेल्या नळातही पाण्याचा दाब पुरा असतो. चावी सोडली, म्हणजेच धार किती बारीक आहे, हे कळते.

म्हणून कारागिराने चार्जरला ओझे दिले. त्याच्या दुकानात मोटारीच्या दिशादर्शक दिव्यांचे 12 व्होल्टचे दोन बल्ब एकापुढे एक जोडून ठेवलेले होते. ते त्याने चार्जरच्या पिनला लावले. दोन्ही बल्ब उजळले. मग त्याने वायर पिनजवळ हळूच वाकवली. बल्ब लुकलुकले, लाल झाले, पुन्हा उजळले. मल्टिमीटर 19 वरून 13 वर आला आणि परत वर चढला. वायर पिनला जेथे मिळते, त्या रबरी मानेत दोष होता. चार्जर गुंडाळून ठेवताना नेमकी तीच जागा दररोज वाकत असे.

त्याने मानेच्या अलीकडे वायर कापली. आतल्या काळवंडलेल्या, तुटक्या तारा मुलीच्या हातावर ठेवल्या आणि वायरला नवी पिन जोडून दिली. चार्जरची पेटी मात्र त्याने उघडली नाही. ती कोणीही कुतूहलापोटी उघडू नये. तिच्यातील एका धारित्रात 300 व्होल्टहून अधिक दाबाची वीज साठलेली असते आणि चार्जर भिंतीतून काढल्यानंतरही ती काही वेळ तशीच राहू शकते.

यंत्र दुरुस्त करणे हे केवळ मोठ्या शहरातील तज्ज्ञांचे काम आहे, अशी समजूत असते. ती खोटी ठरवणारा एक प्रयोग महाराष्ट्रातही झाला आहे. त्याची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक निकोलस निग्रोपोंटी यांनी 2005 साली एक योजना जाहीर केली. गरीब देशांतील प्रत्येक मुलाला एकेक लॅपटॉप मिळावा आणि त्याची किंमत शंभर डॉलर असावी, अशी ती योजना होती. शंभर डॉलरचे उद्दिष्ट साधले नाही. प्रत्यक्षात किंमत जवळजवळ दुप्पट झाली. तथापि हिरव्या-पांढऱ्या रंगाचा, हँडल असलेला, दप्तरात मावणारा तो लॅपटॉप तयार झाला आणि 2007 साली त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. त्याला एक्सओ असे नाव होते. पुढे दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या देशाने प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला तो दिला. भारतात त्याचा पहिला प्रयोग 2007 साली रायगड जिल्ह्यातील खैराट या लहानशा गावी झाला. तेथील एकशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीची सुमारे वीस-बावीस मुले होती. त्या मुलांच्या हाती हे लॅपटॉप आले.

खैराटसारख्या गावी विजेचा भरवसा नसणार, हे यंत्र घडवणाऱ्यांनी गृहीत धरले होते. म्हणूनच त्यांनी वीज वाचवण्यावर सारी बुद्धी पणाला लावली. त्या काळातील साध्या लॅपटॉपला वीस ते चाळीस वॅट वीज लागत असे. एक्सओ अवघ्या काही वॅटवर चाले. त्याला 11 ते 18 व्होल्टपर्यंतचा कोणताही दिष्ट प्रवाह चालत असे. त्यामुळे मोटारीच्या बॅटरीवर किंवा सौरपट्टीवरही त्याचे भागे. त्याचा पडदा उन्हात, मागचा दिवा विझवूनही वाचता येत असे.

बॅटरीही निराळी होती. लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांच्या संयुगाची ती बॅटरी सुमारे दोन हजार वेळा भरता येईल, अशी तयार केलेली होती. साध्या लॅपटॉपची बॅटरी पाचशे वेळा भरली, म्हणजे थकू लागते. हे संयुग बॅटरीसाठी उपयोगी आहे, हा शोध जॉन गुडइनफ या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत लागला. लिथियम बॅटरीवरील कामाबद्दल गुडइनफ यांना 2019 साली आणखी दोघांबरोबर रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी त्यांचे वय 97 वर्षांचे होते. इतक्या उतारवयात हा मान मिळालेला दुसरा कोणी नाही.

परंतु या लॅपटॉपचा सर्वांत मोठा गुण त्याच्या उघडण्यात होता. साध्या चौफुली पेचकसाने तो पुरता सुटा करता येई, आणि एखादा स्क्रू हरवलाच तर असावेत म्हणून जादा स्क्रू त्याच्याच हँडलमध्ये बसवून ठेवलेले होते. यंत्र बिघडणार आणि ते मुलांच्याच हातांनी उघडले जाणार, हे ओळखून केलेली ती सोय होती. नायजेरिया देशाच्या अबुजा या राजधानीजवळ गलादिमा येथील शाळेत तर मुलांनी लॅपटॉपचे रुग्णालयच काढले होते. मोडलेले लॅपटॉप तेथे दाखल होत आणि मुलेच त्यांचे डॉक्टर होत.

या एक्सओलाही विजेचा एक चमत्कारिक आजार जडे. घड्याळ चालू ठेवण्यासाठी त्याच्या पट्टीवर नाण्याएवढा एक लहान सेल बसवलेला होता. सेल धरून ठेवणारी पकड ढिली झाली, म्हणजे घड्याळाचा वीजपुरवठा तुटे. मग काही यंत्रांत असे होई, की विजेचा दिवा लागे, पण पडदा काळाच राही. मुख्य बॅटरी भरलेली असे, चार्जर उत्तम असे, आणि तरीही यंत्र सुरू होत नसे. पाहणाऱ्याला वाटे, पट्टी जळाली. उपाय मात्र एवढाच, की सेल काढायचा, पकडीचा पत्रा पुसून थोडा वाकवायचा आणि सेल घट्ट बसवून घड्याळ पुन्हा लावायचे. म्हसवडच्या लॅपटॉपचे दुखणे वेगळे होते. परंतु तेथेही निर्दोष पट्टीवरच आळ आला होता.

नव्या पिनमुळे म्हसवडचा लॅपटॉप दोन आठवडे चांगला चालला. नंतर एके सायंकाळी, गिऱ्हाइकांची गर्दी असताना, तो पुन्हा बंद पडला. बाईंना वाटले, पहिल्या दुरुस्तीवाल्याचेच म्हणणे खरे असावे. मुलीने मात्र वही उघडली. या वेळी वायरला धक्का लागलेला नव्हता. लॅपटॉप गल्ल्यावरून उचलून फळीवर ठेवताना तो बंद झाला होता. चार्जरला पुन्हा ते बल्ब लावले, तेव्हा वायर कशीही वाकवली तरी ते स्थिर जळत राहिले. तेव्हा अडथळा वाटेच्या पुढच्या टप्प्यावर, म्हणजे खाचेजवळ होता.

आता लॅपटॉप उघडण्याची वेळ आली. कारागिराने कागदावर त्याच्या तळाचे चित्र काढले आणि जसजसा एकेक स्क्रू निघाला, तसतसा तो चित्रातील त्याच जागी टोचून ठेवला. कारण स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीने निराळे असतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी बसवला, तर तो पट्टीला भोक पाडतो. झाकण निघताच त्याने सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवली. मग भिंग घेऊन खाचेचे धातूचे पाय पाहिले. एका पायाभोवतीच्या डाखात केसासारखी बारीक, वर्तुळाकार भेग होती.

ही भेग कशी पडली असेल? वायर ओढली जाताना प्रत्येक वेळी तो झटका पिनमधून खाचेला आणि खाचेतून डाखाला बसत होता. वायरची मान ज्या ओढाताणीने तुटली, तिनेच डाखही फोडला होता. भेगेतून वीज जाताना अडखळते. जेथे ती अडखळते, तेथे उष्णता निर्माण होते. उष्णतेने धातूवर काळपट थर चढतो आणि वीज अधिकच अडखळते. अशा रीतीने लहान भेग दिवसेंदिवस वाढत जाते.

डाख देण्याचे काम पाहून जुन्या माणसांना कल्हईवाल्याची आठवण होईल. पितळेच्या भांड्याला कल्हई करताना तो तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकी आणि मग कथील फिरवी. नवसागराने धातूवरचा मळ निघून जाई आणि कथील चिकटे. येथेही तसेच घडते; फक्त नवसागराच्या जागी राळेसारखा पदार्थ असतो आणि भट्टीच्या जागी विजेवर तापणारी टोकदार इस्त्री. कथील आणि शिसे यांचा डाख 183 अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळू लागतो. शिसे टाळून केलेल्या आजच्या डाखाला 217 अंशांच्या आसपास उष्णता लागते. कारागिराने जुना, फुटका डाख शोषून काढला, पाय स्वच्छ केला आणि नवा डाख दिला. चांगला डाख पायाभोवती चकचकीत आणि उतरता बसतो; बिघडलेला डाख थेंबासारखा फुगीर आणि निस्तेज दिसतो. त्याने भिंगातून मुलीलाही तो दाखवला.

शेवटी बॅटरी उरली. तीन सेल एकापुढे एक जोडून ती बनलेली होती. प्रत्येक सेल साधारण 3.7 व्होल्टचा, तिन्ही मिळून 11.1. मोजणीत दोन सेल ठीक निघाले आणि तिसरा फारच खाली गेलेला आढळला. एका माळेतील एक सेल दुबळा असला, तर बाकीच्या दोघांची शक्ती असून नसल्यासारखी होते, कारण सुरक्षिततेसाठी बसवलेली लहान पट्टी त्या एकासाठी सारा प्रवाह तोडते. म्हणूनच पडद्यावर बॅटरी चाळीस टक्के दिसत असतानाही लॅपटॉप विझत असे.

“काका, एकच सेल बदलता येणार नाही का?” मुलीने विचारले.

“येईल, पण मी तो बदलणार नाही,” कारागीर म्हणाला. “नवा आणि जुना सेल एका माळेत नीट नांदत नाहीत. आणि लिथियमच्या सेलला चुकून भोक पडले किंवा त्याची दोन टोके एकमेकांना लागली, तर तो पेट घेतो. ताई, बॅटरी तेवढी नवी घ्या.”

दुरुस्तीतही कोठे थांबावे, हे कळावे लागते. दोन ठिकाणी कारागिराने थोड्याशा तांब्या-कथलावर काम भागवले. तिसऱ्या ठिकाणी त्याने हात आखडता घेतला. बॅटरी फुगलेली असती, तर त्याने ती वापरून पाहण्याचाही प्रयत्न केला नसता. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि चार्जरला तर मुळीच लावू नये. जुनी बॅटरी कचऱ्याच्या ढिगावरही टाकू नये. 2022 साली झालेल्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. म्हणून नवी बॅटरी घेताना बाईंनी जुनी दुकानदाराकडे परत दिली.

नवी पिन, थोडा डाख आणि एक बॅटरी एवढ्यात लॅपटॉप बरा झाला. पहिल्या दुरुस्तीवाल्याने सांगितलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्श्यातही हा खर्च भागला. मुख्य पट्टी जशी होती, तशीच राहिली. घरी आल्यावर मुलीने चार्जर गुंडाळण्याची रीत बदलली. पिनजवळ वायरचा सैल वळसा सोडून ती आता चार्जर खुंटीवर अडकवते, आणि लॅपटॉप उचलताना आधी पिन काढते. तीही वायरला धरून नव्हे, पिनला धरून.

वही तिने तशीच पुढे चालू ठेवली. महिनाभर पाने कोरी राहिली. मग एका रविवारी तिच्या आईने त्यात एक नोंद केली: “सायंकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. पाऊण तासाने आली. तेवढ्यात सहा गिऱ्हाइकांची उधारी लिहून झाली.”